डेन्मार्कचा पगार, व्हाया धाराशिव

किस्से काही कुणी जमवत नाही हो, ते साठतात. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे. एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर!

आमचं ऑफिस धाराशिवात, झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. गायकवाड मॅडम मालक, मी सगळा स्टाफ. काम असं, की परदेशातल्या कंपनीला इथं माणसं पाहिजेत, पण इथं कंपनी काढायची नाही. मग माणसं आमच्या नावावर, काम त्यांचं, पैसे त्यांचे. आणि पगार, पीएफ, रजा, रुसवेफुगवे हे सगळं आमच्याकडं.

आईला हे मी तीनदा समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे लेकरं त्यांची, सांभाळता तुम्ही."

"तसंच काहीतरी."

"मग पाळणाघर म्हण की! लोकांना सांगायला सोपं."

आता आमच्या गल्लीत मी पाळणाघर चालवते.

*

सध्या आमच्याकडं डेन्मार्कची एक कंपनी आहे. ते ड्रोननं पवनचक्क्यांच्या पात्यांचे फोटो काढतात. ते फोटो कॉम्प्युटरवर बघायचे आणि पात्याला कुठं तडा गेलाय का ते शोधायचं. घरबसल्या काम. आपल्या जिल्ह्यातून तिघं घेतले. येरमाळ्याचा दत्ता, नळदुर्गचा अझर आणि सास्तूरची शीतल.

तिकडची मॅनेजर मेटे. तीसुद्धा घरूनच काम करते. कॉलवर तिच्यामागं एक पलंग, एक पांढरी भिंत आणि एक खिडकी. ती इंग्रजीत बोलणार, मी मध्ये बसून मराठी करणार.

दत्ताच्या इंटरव्ह्यूला तिनं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

दत्ता म्हणाला, "येरमाळ्यात."

"आणि आजच्यापेक्षा वेगळं काय असेल?"

दत्तानं खरंच विचार केला. "आमच्या गल्लीतला रस्ता झाला आसंल."

मेटेनं शेऱ्यात लिहिलं, 'उमेदवार स्थिर आहे.'

*

अझरनं फॉर्ममध्ये इमर्जन्सी नंबर म्हणून हायवेवरच्या एका ढाब्याचा नंबर टाकला. म्हटलं चुकून टाकला असेल, म्हणून लावून बघितला.

"बोला, किती माणसं?"

"जेवायचं नाही हो. अझर आहे का?"

"अझर आत्ता गेला. सकाळपास्नं डोकं दुखतंय म्हणत व्हता. जेवला न्हाय, च्याच घेतला फकस्त. गाडी पंक्चर हाय म्हणून चालत निघालाय, धा मिनटांत घरी पोचंल. तुमी कोण?"

हे मी मेटेला सांगितलं. ती मग म्हणाली, "हा नंबर बदलू नका."

*

पहिला पगार झाला त्या दिवशी सकाळी नऊला दत्ताचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, ह्ये पीएफ कापलाय. कुणाकडं गेला?"

गायकवाड मॅडम हिशोबातनं मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्याकडंच."

"माझ्याकडं तर आला न्हाय."

"म्हातारपणी येईल."

"म्हंजे गेला का आला? एक काय ते सांगा."

मॅडम म्हणाल्या, "निघालाय."

दत्ताचं समाधान झालं. फोन ठेवला.

*

आता हाच दत्ता. येरमाळ्याच्या यात्रेला त्यानं तीन दिवसांची रजा टाकली. मेटेला काही कळेना. तिनं कॉल लावला.

"देऊळ घरापासून किती लांब आहे?"

"ह्ये काय, पाच मिनटांवर."

"मग अर्धा दिवस पुरेल ना?"

"देवीला पाचच मिनटं लागत्यात," दत्ता म्हणाला. "तीन दिस पाव्हण्यांला."

"किती पाहुणे?"

"मोजत न्हाय आमी."

सिस्टिममध्ये रजेचा प्रकार निवडावाच लागतो. सण, आजारपण, लग्न, सगळं बघून झालं. शेवटी मेटेनं 'घरातल्या अवलंबून व्यक्तींची काळजी' हा प्रकार निवडून रजा मंजूर केली. भरपगारी!

*

शीतलची गोष्ट वेगळी. ती कामावर यायच्या आधी तिचे वडील आले. महादूअण्णा. सोयरीक करायच्या आधी आपल्यात घर बघायला जातात ना, तसे एकटेच आले. टोपी, पांढरा शर्ट, हातात केळी.

पगार किती, ते विचारलंच नाही. आधी छत बघितलं. मग भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली, चारी भिंतींवर. मग खुर्ची भिंतीपासून लांब ओढली आणि दाराच्या तोंडाशी बसले.

"कंपनी कुठं हाय?"

"डेन्मार्कला."

"तुमी बघितली?"

मॅडम म्हणाल्या, "नाही अण्णा."

"त्यांनी तुमाला बघितलं?"

"फोनवर."

"आन् पोरगी कुणाच्या भरवशावर द्यायची?"

मॅडमनी चहा मागवला. अण्णांनी बशीत ओतून सगळा पिला, मग निकाल दिला, "सहा म्हैने बघू."

कारण लातूरचं एक स्थळ थांबून होतं. कंपनीनं सहा महिन्यांनी पर्मनंट केलं तर नोकरी, नाही केलं तर मांडव. शीतल मला जिन्यात म्हणाली, "ताई, कंपनीचं प्रोबेशन आन् माझं एकाच तारखेला संपतंय."

एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं!

*

घरून काम म्हटल्यावर टेबल-खुर्चीचा फोटो पाठवावा लागतो, तिकडचा नियमच आहे. शीतलनं फोटो पाठवला. टेबल खोलीच्या बरोब्बर मध्यभागी! वायर जमिनीवरनं दारापर्यंत गेलेली. मेटेचा मेल आला, पाय अडकून पडेल कुणीतरी, टेबल भिंतीला लावा.

मी अण्णांना फोन केला. "अण्णा, टेबल भिंतीला लावायचंय."

"न्हाय जमायचं."

"का हो?"

"भिंतीला लावून काय बी ठिवत न्हाय आमी. खाट न्हाय, टेबल न्हाय, काय न्हाय."

सास्तूर म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपातलं. गाव सगळं नव्यानं बांधलेलं. अण्णा तेव्हा आठवीत होते. मी पुढं विचारलं नाही.

मेटेला लिहिलं, 'टेबल हलवता येणार नाही. वायरवर पायपुसणं टाकलंय.' मंजूर झालं.

*

आणि मग सहा महिने भरले.

मेटेनं आधीच सांगून ठेवलं होतं, जरा अडचण आहे. दत्ता शंभर फोटोंत चार तडे काढतो. अझर पाच. शीतल अकरा! फोटो परत बघितले तर तिथं मेटेला काही दिसेचना. मेटेचं म्हणणं, पोरगी मेहनती आहे, पण धूळ, ओरखडा, सावली, सगळ्यालाच तडा म्हणते.

मॅडमनी शीतलला ऑफिसात बोलावलं. कॉल मोठ्या टीव्हीवर लावला, म्हणजे नीट बोलणं होईल. शीतलला मोटारसायकलवर घेऊन अण्णा आले, याही वेळी आणलेली केळी टेबलावर ठेवली, आणि त्यांच्या त्या दाराच्या तोंडाशी बसले.

मेटे फार चांगली बाई. वाईट सांगायच्या आधी तिनं पाच मिनिटं चांगलं सांगितलं. शीतल मान खाली घालून नखाला नख घासत होती. मी मराठी करत होते, आणि मग 'पण' आला.

"तिला विचारा," मेटे म्हणाली, "नसलेले तडे तिला का दिसतात?"

मी विचारलं. शीतलनं अण्णांकडं बघितलं.

अण्णा उठले. टीव्हीच्या पुढ्यात गेले, चष्मा वर सरकवला. म्हटलं संपलं! आता हे लातूरच्या स्थळाला फोन लावणार.

"बाईला सांगा," अण्णा म्हणाले, "मागच्या भिंतीला तडा हाय."

मी सांगितलं. मेटेनं मागं वळून बघितलं. "कुठं? मला तर दिसत नाही."

शीतल उठली. टीव्हीवर बोट ठेवलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकं वर, छतापर्यंत. "हितनं हितं. वर जाऊन फुटलाय, दोन फाटे हायत."

मेटे उठली. मोबाईलची बॅटरी लावून भिंतीपाशी गेली. मग पलंगावर चढली. टीव्हीवर आम्हाला तिचे फक्त मोजे दिसत होते. हिरवे. बराच वेळ मोजे हललेच नाहीत.

मग खाली उतरली, खुर्चीत बसली. केसात चुना.

"किती दिवसांचा असेल?"

अण्णा म्हणाले, "दोन पावसाळ्यांचा." आणि मग जरा थांबून, "पलंग तिथनं काढा म्हणावं. आजच्या आज."

मी सांगितलं. मेटे नंतर बोलू म्हणाली, कॉल कट.

अण्णा मॅडमना म्हणाले, "येतो." शीतल त्यांच्यामागं जिना उतरली. केळी टेबलावर तशीच.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तर मेटेचा मेल येऊन पडलेला. दोन ओळींचा.

'शीतलला पर्मनंट करा.

तिच्या वडिलांना सांगा, पलंग हलवला.'