पऱ्हाटी कुठं गेली?

खेळ अर्धवट असतानाच विकायला काढायचा, ही गोष्ट मला पहिल्यापासून पटली नव्हती. माझी धाकटी बहीण पुण्यातली नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होती. तिने मला समजावलं, "ताई, याले अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. लोकं आधीच घेतात, खेळतात, काय चुकलं ते सांगतात, मंग आम्ही सुधारतो." म्हणजे भिंती उभ्या राहिल्या की भाडेकरू बोलवायचे आणि छत कुठे गळतं ते त्यांनाच विचारायचं! मी राळेगावला राहते, जवळच्या खेड्यातल्या शाळेत शिकवते. अर्धवट वही हातात घेणं माझ्या स्वभावात नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

खेळ असा: एका ओसाड खोऱ्यात तुम्ही एकटे. लाकूड तोडा, दगड जमवा, अवजारं करा, झोपडी बांधा, पेरा आणि हिवाळा काढा. जगलात तर पुढचं वर्ष. तो विकायला आला आणि खेळणाऱ्यांची मतं येऊ लागली. प्रत्येक मतासोबत एक अंगठा, वर किंवा खाली. शाळेतून आले की चहा ठेवायच्या आधी मी ती वाचायची. "नदी इतकी सुंदर की घर बांधायचंच विसरलो," असं कुणी लिहिलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दुसरा लिहायचा, "हरणाच्या मागे गेलो, ते आभाळात निघून गेलं. पैसे परत द्या." तिसऱ्याचं म्हणणं, "पूर्ण झाला की बोलवा." खालचे अंगठे वाढत चालले होते. बहिणीने सांगून टाकलं, उन्हाळ्यापर्यंत मतं सुधारली नाहीत तर नवीन कुणी खेळ घेणार नाही आणि तिघींना पुन्हा नोकऱ्या शोधाव्या लागतील. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. मला फार वाईट वाटलं.

"मी एक चांगलं मत लिहू काय वं?" मी विचारलं.

"अजिबात नाही. घरच्यांनी कौतुक नाही करायचं. खोटेपणा होते तो."

मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. म्हटलं, निदान आहे तरी काय ते पाहू. दिवाळीच्या सुट्टीत तिला न सांगता मी तो खेळ घेतला आणि रोज दुपारी जेवणं आटोपली की यजमानांच्या लॅपटॉपसमोर बसू लागले. पहिले दोन दिवस मला लांडग्यानेच खाल्लं. तिसऱ्या दिवशी झोपडी उभी राहिली. मग कुठूनशी सरकी सापडली, कापसाचं बी! आता माझा हात कोण धरणार? खोऱ्यातली सगळी सपाट जमीन मी कापसाखाली आणली. बाकीचे खेळणारे हिवाळ्यासाठी झाडं तोडून लाकडं रचून ठेवतात. मी सरपणासाठी एकही झाड तोडलं नाही. तोडायचं कशाला? शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि घराशेजारी रचायच्या. लहानपणी आम्ही दोघी बहिणी तेच करायचो आणि आमची चूल त्यावरच पेटायची.

शेवटचं बोंड वेचलं आणि झाड जागच्या जागी नाहीसं झालं. सगळं वावर रिकामं, काडीसुद्धा नाही. तेवढ्यात बर्फ पडायला लागला. चुलीत कापूस टाकला, तो भपकन जळून गेला. मी थंडीने मेले आणि बांधलं-पेरलं होतं ते सगळं पुसलं गेलं.

माझं डोकंच फिरलं. अंगठा खाली केला आणि लिहिलं, "बनवणाऱ्यांनी कापसाचं वावर पाह्यलं नाही काय? कापूस निघाला म्हणून झाड संपते काय? पऱ्हाटी कुठं गेली? तिच्यावर आमच्या घरी भाकरी होतात, आंघोळीचं पाणी तापते. माणसाले फुकट मारून टाकलं." बहीण कौतुक करू नको म्हणाली होती. नावं ठेवू नको असं कुठे म्हणाली होती?

दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि पाहते तर माझं मत सगळ्यांच्या वर. कुठकुठच्या लोकांनी ते भाषांतर करून वाचलं होतं. एकाने लिहिलं, आमच्याकडे मक्याचे धांडे असेच जाळतात. दुसरी म्हणाली, माझी सूर्यफुलंही अशीच गायब झाली. जो येई तो आपलाही अंगठा खाली करून जाई. बहिणीचं काम मी स्वतःच्या हाताने बुडवत होते. मत पुसायला जायची आणि थांबायची, कारण लिहिलं होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढचे तीन आठवडे तिचा फोन आला नाही आणि मलाही करायचा धीर झाला नाही.

मग खेळाची सुधारलेली आवृत्ती आली. वेचणी झाल्यावर पऱ्हाटी वावरात उभी राहत होती, करडी, वाळकी, अगदी आमच्याकडच्यासारखी. उपटली की मोळी होत होती. मक्याचे धांडेही होते. मतांच्या पानावर लोक परत येऊन अंगठे वर करत होते. सगळेच नाहीत, हरीण अजून उडत होतंच.

त्या दुपारी तिचा फोन आला.

"पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"उन्हाळ्याची भीती गेली नाही, पण कमी झाली. आणि ते मत कोणाचं आहे ते मले पहिल्याच ओळीत समजलं."

"चुकलं वं माझं. मी आत्ताच पुसते."

"पुसू नको. ताई, मतासोबत किती वेळ खेळलं तेही दिसते. तुह्या मतासोबत एकतीस तास लिहून होते."

पुसायला उघडलेलं पान मी बंद केलं.

"आई गावभर सांगते, पोरगी छान काम करते. भाऊजी म्हणतात, छान. पण एकानंही खेळ उघडून नाही पाह्यला. मी काय करून राह्यली ते आपल्या घरात कोणालेच कधी दिसणार नाही, असं वाटे मले."

तिने नाक ओढलं, वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आता सांग, आणखी काय काय चुकलं?"

"बस मंग नीट," मी म्हटलं. "तासभर तरी लागते."