लेपिडोटिसचे दहा दिवस

बाबा केंद्र सरकारच्या भूगर्भ खात्यात नकाशे काढायचे. तरुणपणी सिरोंच्याच्या दौऱ्यावरून त्यांनी आईसाठी काय आणलं असेल? साडी? छे! मुठीएवढा दगड! त्यात लेपिडोटिस नावाच्या, डायनासोरांच्या काळातल्या माशाचे खवले होते. डोकं नाही, शेपूट नाही, म्हणून ऑफिसनं तो नाकारलेला. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आला की बाबा दगडावरून ओला हात फिरवत, काळे खवले लखलखत, आणि आई चहाच्या निमित्तानं पळ काढी.

हॉस्पिटलात बाबा गेले तेव्हा तो दगड त्यांच्या मुठीत होता. नर्सनं घड्याळ, चष्मा आणि मासा माझ्या हातात दिला. मी सगळं खिशात टाकलं. मंगलाष्टकांनाही रडणारा माणूस मी, पण आत नुसता कापूस भरल्यासारखं झालं होतं.

स्मशानात माझ्या खांद्यावर पाण्याचं मडकं. पहाडगंजहून आलेले गुरुजी म्हणाले, "अहो, भोक पाडायला दगड कुठाय?" झालं! शेजारचे दोन अंडर सेक्रेटरी आणि एक सेक्शन ऑफिसर वाकून दगड शोधू लागले. तिथला माणूस म्हणाला, "अंकलजी, पत्थर कहाँ मिलेगा? सब टाइल्स लग गए।"

माझा हात खिशात गेला. तीन फेऱ्या, तीन भोकं. मग गुरुजींनी सांगितलं, "हा आता अश्मा. यात बाबांचा जीव. रोज पाणी द्या, दहाव्याला नदीत सोडा."

"दुसरा दगड सोडला तर?"

"मग दहा दिवस पाणी कुणाला घातलंत?"

घरी आईला सांगितलं. "दिल्लीत दगड मिळाला नाही तुला? अख्खा लाल किल्ला उभाय!" मग खाली बसून म्हणाली, "मला ठेवायचा होता रे तो."

बाल्कनीत वाटीत ठेवून मी रोज त्यावर तिळाचं पाणी सोडत होतो. खवले लखलखत. आयुष्यभर न पाहिलेला मासा आई आता रोज सकाळी येऊन पाही.

"या बारीक रेघा कसल्या म्हणायचे हे?"

मला माहीत नव्हतं. तिलाही आठवेना. आता विचारणार कुणाला?

नवव्या दिवशी ती म्हणाली, "गुरुजींना सांग, हरवला."

मी "बरं" म्हणालो. मला तेव्हा कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी "बरं"च म्हटलं असतं.

दहाव्या दिवशी सकाळी तिनंच तो बाबांच्या रुमालात बांधून माझ्या हातात दिला. "ने. त्यांचं अर्धवट नको राहायला."

यमुनेवर फेस होता. मी दगड सोडला. डुबुक. एवढंच.

परत आलो तर आई दारातच उभी.

"सोडलास?"

"सोडला."

"पाणी होतं का रे? त्याला पुरेल एवढं?"

"गुडघाभर होतं."

"बरं," म्हणाली, आणि माझ्या हातातून ओला रुमाल घेऊन वाळत घालायला गेली.