शांततेच्या नाण्यावर आई

आई आणि शांतता यांचा छत्तीसचा आकडा होता. भाजीवाल्याशी हुज्जत घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे. त्यामुळे एका संस्थेच्या शांतता-नाण्यासाठी बाबांनी तिचाच चेहरा कोरलेला पाहून मला आधी हसू फुटलं आणि मग अंगावर काटा आला.

बाबा हिंगण्याच्या एका शेडमध्ये नाण्यांचे, पदकांचे पोलादी ठसे हातानं कोरतात. आई गेल्यापासून त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी सोबत जाऊ लागले. त्या संस्थेला नाण्याच्या एका बाजूला कबूतर आणि दुसऱ्या बाजूला बाईचा शांत चेहरा हवा होता. ठसा झाला की आधी शिशाच्या चकतीवर छाप घेऊन बघतात. ती करडी चकती बाबांनी माझ्या हातात दिली. आईचंच नाक, आईचीच हनुवटी. डोळे मात्र मिटलेले आणि ओठ किंचित उघडे, शेवटच्या दिवशी बाहेरच्या खोलीत आम्ही तिला निजवलं होतं तेव्हासारखे.

"डोळे काहून मिटवले, बाबा?" मी विचारलं.

"उघडे आठवूनच नाही राहिले वं मले," ते म्हणाले.

बाईचा सगळा जन्म डोळे वटारण्यात गेला आणि नवऱ्याला नेमकं तेवढंच आठवेना. मला रागही आला आणि भीतीही वाटली. संस्थेचे लोक चकती पाहून गहिवरले. किती शांत चेहरा, म्हणाले.

नाणी पाडून झाली. पुढे कोणी चोरून पाडू नये म्हणून नंतर ठशावर ग्राइंडरनं काट मारायची असते. बाबा रोज ग्राइंडर उचलत आणि खाली ठेवत. ठशात चेहरा खोल कोरलेला असतो, पण दिव्याखाली तो वर उचलून आल्यासारखा दिसतो आणि आपण सरकलो की आपल्या बाजूला वळतो. नजरेचा खेळ आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी पाणी प्यायला उठले की ती मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे वळायची. बाबा म्हणत, दिवसभर माझ्याकडेच वळते.

शेवटी त्यांनी ग्राइंडर माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चर पडला.

प्रताप नगरला घरी परतताना स्कूटरवर माझ्या मागे बसलेले बाबा कितीतरी महिन्यांनी हसले.

"ठिणग्या उडाल्या तवा डोळे उघडले वं तिनं. रागानं पाहे ना माह्याकडे, तसंच पाह्यलं."

घरी ते पोटभर जेवले. आईला आठवावं म्हणून मीही डोळे मिटले. ती आली, कपाळापासून हनुवटीपर्यंत कापलेली. अजून तशीच येते.