बाईंची खुर्ची

मी आज कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो, ते दिल्लीतल्या माझ्या बाईंमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. दिल्लीत शिकताना मुनिरक्यात खोली घेऊन राहायचो आणि वर्गात तोंड उघडायला घाबरायचो. बाई तिथल्याच आर. के. पुरममध्ये वाढलेल्या, त्यांची मराठी अर्धी हिंदी. त्यांचं म्हणणं ज्याला पटत नसे त्याला त्या आपल्या खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः बाकावर बसून, हात वर करून प्रश्न विचारायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, रोग्याला खरं सांगायलाच हवं. माझी मान नकळत नकारार्थी हलली.

"बिल्कुल नाही पटलं? चलो, खुर्चीत ये."

"बाई, मला इंग्रजी जमत नाही."

"मराठीत बोल. मी यांना हिंदीत सांगते."

मी सांगितलं, "आजोबांना आम्ही आजार कळू दिला नाही. ते शेवटपर्यंत पुढच्या पेरणीचे बेत करत होते."

बाकावरच्या बाईंनी ते वर्गाला हिंदीत सांगितलं. मग म्हणाल्या, "यार, यावर मला विचार करावा लागेल."

त्या दिवसापासून मी वर्गात बोलू लागलो.

काल त्यांना पत्र पाठवलं: "बाई, नमस्कार. आज एका मुलीला माझं पटलं नाही. तिला खुर्ची दिली. तास संपला तरी ती उठेना. बाकावरून वर्ग फार चांगला दिसतो."