मधलं माणूस गेल्यावर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रजईला ऊन दाखवलं. दिल्लीत करोल बागेत आमच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. ऊन उतरल्यावर दोघांनी दोन टोकं धरून घडी घातली.

"नीट धरा की," ती म्हणाली. "गेस्ट हाऊसातला टेबलक्लॉथ नाही हा."

कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं गेस्ट हाऊस आहे, तिथं मी जन्मभर चहा-नाश्ता वाढला. त्यावरून तिचा हा टोमणा ठरलेला.

"आणि खाली मी नेते. पोरगी म्हणत होती, बाबांना जिन्यावर ओझं उचलू देऊ नकोस."

"तिला सांग, बाप अजून मेला नाही," मी म्हटलं आणि रजई मीच खाली आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कप विसळता विसळता खाली बसली, ती उठलीच नाही. त्याचं जास्त लिहीत नाही.

पोरगी आमची एकच. नोएडात असते, कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तिनं पंजाबी मुलाशी कोर्टात लग्न केलं. आईला माहीत होतं. मला खालच्या दुकानदारानं "बधाई हो" म्हटलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही, ती माझ्याशी बोलली नाही. इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे बायको न्यायची. त्यात आमचं बरं चाललं होतं.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. जावयानं माझी बॅग उचलली, पोरीनं घराला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली, आणि मी गाडीत जाऊन बसलो. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. आमच्या दोघांच्या मधलं तोंड मिटलं होतं.

तिचं घर अठराव्या मजल्यावर. हवा खराब म्हणून खिडक्या बंद, कोपऱ्यात हवा साफ करायचं मशीन घरघरतंय. दाराला बोट लावायचं कुलूप. माझ्या बोटांच्या रेषा गरम किटल्यांनी आणि सोड्याच्या पाण्यानं कधीच गेल्या. बोट टेकवलं की लाल दिवा. बाहेर जाता येतं, परत आत येता येत नाही. नंबर दाबूनही उघडतं म्हणे, पण तो मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. म्हणून गेलोच नाही कुठं. खुराड्यातली कोंबडी सकाळी तरी सुटते.

मधलं माणूस म्हणून आम्ही स्वयंपाकाची बाई धरली. पोरगी माझ्यापासून हातभर लांब बसून म्हणायची, "दीदी, पापाजी से पूछो, दवाई ली?" मी म्हणायचो, "दीदी, बोलो ले ली." त्या बाईनं पोळी लाटता लाटता दोन्हीकडे मान फिरवायची. तिच्याकडूनच मी कितीदा सांगवलं, "मॅडम को बोलो, मेरे घर की चाबी दे दे. मुझे जाना है." बाई मान डोलवायची. चावी यायची नाही. मी मनात म्हटलं, बापावर सूड उगवतेय. इथंच मरायचं आता, बंद खिडकीत.

मग तो रविवार आला. जावई कामानं बंगळूरला. मी कपडे धुवायच्या बाल्कनीत स्टुलावर ऊन घेत बसलो होतो. पोरगी वाळलेले कपडे काढायला आली आणि धूळ आत जाऊ नये म्हणून मागचं काचेचं दार तिनं सरकवून घेतलं. आत भिंतीला पोछ्याचा दांडा टेकून ठेवला होता. तो घसरला आणि दाराच्या खाचेत आडवा पडला. दार बोटभरसुद्धा सरकेना. फोन आत, दीदी पाच वाजता येणार.

आधी आम्ही तसेच, न बोलता. तिनं दार ओढलं, मी दार ओढलं. दोघांनी एकदम मात्र ओढलं नाही. मग तिनं कठड्यावरून हात हलवून खालच्या गार्डला हाका मारल्या. त्यानं वर बघितलं आणि सलाम ठोकला.

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं तोंड फिरवलं. मग वारा सुटला. ती नुसत्या कुर्त्यात, मी गळ्यातला मफलर काढून पुढे केला.

"घे. तुझाच आहे."

"माझा कुठला?"

"तूच पाठवलास ना. आई म्हणाली."

"मी नाही पाठवला, बाबा."

बाबा हा शब्द किती वर्षांनी ऐकला. पण माझं लक्ष मफलरवर. "मग कुणी?"

"मला काय माहीत? तिनंच घेतला असेल. तुम्ही मात्र लाडू पाठवायचात ना दर संक्रांतीला?"

"मी? लाडू? मला तर घरात तीळ दिसायचा नाही. पोरगी म्हणते बाबांची शुगर वाढेल, असं सांगायची."

"मला तुमची शुगर माहीतच नाही यार!"

माझ्या वाटचे लाडू नोएडाला जात होते. मग एकेक निघत गेलं. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला पोरगी फोनवर रडली, असं बायकोनं मला सांगितलं होतं. तिला तर ऑपरेशन झाल्यावर कळलं होतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझं बाळ गेलं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. ते तरी खरं?"

मी जेवलो होतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेच मी म्हटलं, दुसरं काय म्हणणार. ती बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर बसली आणि तोंडाला मफलर लावून रडली. मी उभाच. हात कुठं ठेवावा कळेना, म्हणून मशीनवर ठेवला.

"लबाड होती तुझी आई," मी म्हटलं.

"असं नका ना बोलू."

"लबाडच. दोघांना इतकं गोड गोड सांगितलं, की आपल्याला बोलायची गरजच पडली नाही."

"हो," ती नाक पुसत म्हणाली. "एक नंबरची लबाड."

बायको गेल्यापासून तिच्यावर पहिल्यांदा राग काढला, आणि तोही सोबतीनं. बरं वाटलं. त्याच जोरात मी म्हटलं, "माझ्या घराची चावी दे."

"मागितली कधी?"

"रोज! दीदीला सांगत होतो."

"दीदी मला रोज सांगते, पापाजी को यहाँ बहुत अच्छा लगता है."

पाचला बाई आपल्या बोटानं दार उघडून आत आली, तिनं दांडा उचलला आणि विचारलं, "दोनों धूप ले रहे थे?" आम्ही तिला काहीच बोललो नाही. ती बिचारी भल्यासाठीच करत होती. पोरीनं पर्स उलटी करून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "मी सोडते उद्या," म्हणाली. मी म्हटलं, "मेट्रो आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गर्दीच्या आधी निघालो. करोल बागेतला जिना चढलो, कुलूप काढलं. आत कोंदट वास. बायकोच्या चपला दाराशी, गाऊन खुंटीवर. मी खुर्चीत बसलो, उठलो, पलंगावर बसलो, उठलो. याच घरासाठी मी तिथं तडफडत होतो.

मग पोरीला फोन लावला, स्वतः.

"पोहोचलात? कसं वाटतंय?"

बायको असती तर म्हणाली असती, मजेत आहेत. मी म्हटलं, "वाईट. बसवत नाही इथं."

"मग या परत."

"तिथंही बसवत नाही."

ती म्हणाली, "मग मी काय करू, बाबा?"

"ऑफिस सुटलं की ये. तिच्या कपड्यांना हात लावायचा आहे, मला एकट्याला जमत नाही."

"येते," ती म्हणाली.

मोरीत नळ फुसफुसायला लागला, पाणी आलं होतं. फोन ठेवला आणि बादली लावली.