बाबांची ढोलकी आणि तपकीर गल्लीतला डायोड

हुश्श! शनिवार एकदाचा पार पडला. वारज्याहून हिंजवडीला आम्ही मंडईमार्गे गेलो. नकाशा पाहिलात तर म्हणाल, डोकं फिरलंय का? तर ऐका.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करते आणि फावल्या वेळात मॉड्युलर सिंथसाठी, म्हणजे सुटे भाग जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यासाठी, सर्किटं बनवते. यावेळचं होतं एन्व्हलप फॉलोअर. ते आवाज ऐकतं आणि आवाज जितका मोठा तितकं व्होल्टेज वर नेतं. त्यावर सिंथचा सूर उघडतो, मिटतो. दुपारी चारला ऑफिसच्या कँटीनमधल्या कार्यक्रमात बाबा ढोलकी वाजवणार आणि सिंथ त्यांच्या थापेमागून जाणार, असं ठरलेलं. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, भीमगीतांच्या पार्टीचे जुने ढोलकीवाले. पण मनगट मोडल्यापासून त्यांनी तालमीला जाणंच सोडलं होतं. सकाळी घरी वाजवून पाहिलं, तर यंत्र ढिम्म! मी थाप मारली की सर्किटवरचा दिवा लागे, बाबांनी मारली की नाही.

"यंत्रालासुद्धा कळलं बघ, हातात काही राहिलं नाही," बाबा म्हणाले. "तू एकटीच जा."

म्हटलं, चिप बिघडली असणार, नवीन घेऊ, चला! बळेबळेच त्यांना स्कूटरवर बसवलं, मांडीवर ढोलकी.

जाणाऱ्यांसाठी: तपकीर गल्लीतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं अकराच्या आधी धड उघडत नाहीत. गाडी मंडईच्या पार्किंगला लावा, गल्लीत नेऊ नका. वेळ होता म्हणून आम्ही मिसळ खाल्ली. बाबांनी जादा पाव मागितला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

इनामदार चाचांचं दुकान जिन्याखाली आहे. तीन पिढ्या रेडिओदुरुस्ती. त्यांनी चष्मा वर करून सर्किट पाहिलं.

"चिप ठणठणीत आहे. डायोड थेट लावलाय ना? हा जकात नाक्यावरचा माणूस. अर्धा व्होल्ट आधी घेणार, मग पुढे सोडणार. हळू आवाजाकडे मुळात असतं किती?"

"मग?"

"चिपमध्ये अँप्लिफायर दोन आहेत. एक कामाला लावलाय, दुसऱ्याला पेन्शन दिलीय का? डायोड त्याच्या फेऱ्यात, आउटपुट परत इनपुटला जातं तिथे, घ्या. जकात तो भरेल."

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. महिनाभर मी स्वतःच दणादणा बडवून तपासत होते. ज्यांच्यासाठी बनवलं, त्यांच्या हाताने एकदाही नाही! चाचांकडून एक नवा डायोड घेतला आणि त्यांच्याच सोल्डरिंग आयर्नने दहा मिनिटांत बदल केला. बाबांनी नुसती बोटं फिरवली आणि प्रत्येक बोटाला दिवा उजळला.

"अहो, हात छान आहे आपला," चाचा म्हणाले. "हिचं सर्किटच बहिरं होतं."

बाबा हसले आणि मला रडूच आलं.

पुढे विद्यापीठ चौक, औंध, वाकड. हिंजवडीच्या चौकात शनिवारीही पाऊण तास गेला, तेवढा धरूनच निघा. कार्यक्रम सुरेख झाला. बाबा अगदी हलकं वाजवत होते आणि सिंथ एकही थाप सोडत नव्हता. टाळ्यांपेक्षा मला त्याचंच बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो. खर्च म्हणाल तर पेट्रोल, मिसळ आणि एक डायोड. चाचांनी मजुरी घेतलीच नाही. चहा ठेवायला मी आत गेले, तर बाहेर बाबा पार्टीच्या गायकांशी फोनवर बोलत होते.

"बुधवारी येतोय मी तालमीला. हात हळू पडतो आता माझा. तुम्ही जरा आवाज खाली घ्या."