डावीकडचा सेंटर बोल्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वामनभाऊंना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो – जमेल तसं.

मी सिरोंच्याकडचा. आठवीत शाळा सुटली. गडचांदूरला आलो तेव्हा धड मराठीही येत नव्हतं, घरी तेलुगूच. वामनभाऊंनी आपल्या गॅरेजमागची खोली दिली, हातात पाना दिला. माझं लग्न होईपर्यंत डबा त्यांच्याच घरून यायचा. परक्यासाठी इतकं कोण करतं? त्यामुळेच धाक होता – एक काम बिघडलं की हे सगळं गेलं.

गोविंदभाऊ तलावातले जिवंत मासे टाक्यांतून बाजारात पोचवायचे. त्यांनी जुनी पिकअप घेतली. आधीचा मालक जिवतीचा; डोंगराच्या रस्त्यासाठी त्याने स्प्रिंगचे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी वीतभर उचलली होती. पाण्याच्या टाक्या भरल्या की ती वळणावर झुलायची. ठोकळे काढून खाली बसवा, म्हणाले. पुढचं काम वामनभाऊंनी केलं, मागचं माझ्याकडे आलं.

उजवा ठोकळा सहज निघाला. डावा गंजून बसला होता. मी घण घातला – ठोकळा निघाला, आणि त्याच्यासोबत पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकंही तुटलं. केवढं असतं ते? अंगठ्याच्या पेराएवढं. पण तेच खाचेत बसून एक्सलला जागेवर धरतं. नवीन टाकायचा तर सगळे पाटे खोलावे लागतात, आणि वामनभाऊंना सांगावं लागतं. मी एक्सल बांधणारे यू-बोल्ट कचकचून आवळले. वरून ग्रीस फासलं. कोणाला दिसणार होतं?

दहा-बारा दिवसांनी गोविंदभाऊ आले. चहा घेतला नाही. जंगलाच्या रस्त्याला मोहाच्या झाडापाशी वळण आहे – तिथे गाडी आपोआप डावीकडे जाते, म्हणाले. भरलेली असली तरच. रिकामी येताना नाही.

मला तेव्हाच कळलं. माल चढला की एक्सल बोटभर सरकत होता. ओढत ती सगळीकडेच असणार. त्या वळणावर जाणवत होतं, एवढंच. वामनभाऊ चंद्रपूरला गेलेले. गोविंदभाऊंनी मलाच विचारलं,

“गाडीत काई आहे का बाबू? खरं सांग.”

“गाडीत काई नाई, भाऊ. जागेचं असन.”

जागेचं – हा शब्द माझा. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच वाटत होतं आणि कोणीतरी हो म्हणायला हवं होतं.

मग ते तिथे थांबायला लागले. रोज पहाटे तलावातला पहिला मासा जागेचा मान म्हणून मोहाखाली ठेवायचे. बाजारातले चिडवायचे, गोविंदा, वाघाचं पोट माशानं भरते का? नंतर चिडवणं बंद झालं. कारण परतताना मासा नसायचा. काटा नाही, खवला नाही, ओला डागसुद्धा नाही.

शेवटी एक दिवस ग्रीसिंगचं निमित्त काढून मी गाडी ठेवून घेतली. पाटे खोलले, नवीन सेंटर बोल्ट घातला. टाक्या भरून फिरवून पाहिली – दोरीसारखी सरळ. सुटलो, वाटलं. आता सांगायचं काय कारण?

पुढच्या आठवड्यात गोविंदभाऊ मला सोबत घेऊन गेले. अजूनही ओढते, तूच पाह्य, म्हणाले. धुकं होतं. मागे टाक्यांत पाणी डचमळत होतं. मोह दिसला, आणि गाडी डावीकडे सरकू लागली. बोल्ट तर मी घातला होता! मग मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

हातच स्टिअरिंग वळवत होते. हळू, एकसारखे, डावीकडे. ते मात्र समोर बघत होते, कपाळावर घाम.

“पाह्य नं,” ते म्हणाले, “मी तं सरळच धरून राह्यलो.”

मी झडप घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. चाक झाडाला घासून गेलं. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? बोल्ट मी तोडला, बोल्ट मी घातला, आता काही नाही, भाऊ – एवढंच. मी म्हणालो, हो भाऊ, ओढते खरं.

त्यांनी पिकअप भंगारात दिली. चांगली चालती गाडी. विकली नाही, कारण दुसऱ्याच्या जिवावर बेतायला नको. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आता त्यांची बायको मासे टोपल्यात घालून बसने नेते. ते घरीच असतात. जेवतानाही कधी कधी हात डावीकडे जातात, असं ती बाई मला सांगत होती.

मोहाला आता लाल झेंडे लागलेत. पिकअपवाले सगळेच थांबतात. मागच्या महिन्यात बंद पडलेली गाडी आणायला वामनभाऊंसोबत त्याच रस्त्याने गेलो. त्यांनी गाडी थांबवली, हात जोडले, मलाही जोडायला लावले. जागा जागृत आहे, म्हणाले.

मी हात जोडून हो म्हणालो.